टाकीचा शनिवार

मशिदीत सगळे उभे राहिले तसा इनॉकही उभा राहिला, आणि शिंक येईलसं वाटलं म्हणून रुमालासाठी त्याने कोटाच्या आतल्या खिशात हात घातला. रुमाल नव्हता. चिंधीत गुंडाळलेलं काहीतरी जड आणि थंड बोटांना लागलं. बोटांनी ते ताबडतोब ओळखलं. डोक्याला मात्र ओळखायचं नव्हतं, म्हणून ते जरा वेळ प्रार्थना म्हणणाऱ्या हज्जानच्या आवाजात गुंतून राहिलं. पनवेलचे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, आपल्या प्रार्थनेच्या घराला मशीदच म्हणत, आणि त्या मशिदीत शनिवारी सकाळी खिशात कुणी काही आणत नसे. पैसे नाहीत, किल्ली नाही, तपकिरीची डबी नाही. शुक्रवारी दिवस मावळायच्या आधी खिसे रिकामे करून सगळं दाराजवळच्या तांब्याच्या वाडग्यात टाकायचं, हा त्याच्या बायकोचा, सिप्पोराचा, घरातला नेम. कालही इनॉकने खिसे रिकामे केले होते. बाहेरचे दोन. आतल्या खिशात तो कधी काही ठेवतच नसे, मग तो खिसा आठवणार कसा? त्याने चिंधीच्या आत अंगठा सरकवला. पितळेची कडी. वर्कशॉपातल्या हवेच्या टाकीची सेफ्टी. इथे, मशिदीत, त्याच्या छातीशी. आणि तिच्या जागी टाकीवर त्याने काल स्वतःच्या हाताने आवळून बसवलेलं लोखंडी बूच. इनॉकच्या तोंडचं पाणी पळालं. शेजारी त्याचा मेहुणा जुडाह उभा होता, तो वाकून कुजबुजला, "दाजी, काय होतंय? बसता का?" इनॉक म्हणाला, "टाकी," आणि खांद्यावरची प्रार्थनेची शाल जुडाहच्या हातात कोंबून तो माणसांतून वाट काढत बाहेर पडला. चपला स्वतःच्या घातल्या की दुसऱ्याच्या हेही त्याने पाहिलं नाही.

बाहेर माघातलं कोवळं ऊन होतं. चीनच्या लढाईनंतरचा तो हिवाळा. गावात अजून लोक दर दुकानाच्या फळीवर बसून सरहद्दीच्या गप्पा मारीत होते, आणि इनॉक त्यांच्या समोरून पळत होता. पंचेचाळिशी गाठलेला, गुडघ्याने अधू, काळा कोट घातलेला माणूस शनिवारी सकाळी भर बाजारातून पळतो म्हणजे लोकांनी बघायचंच. "मिस्त्री, कुनीकडं?" कुणी तरी ओरडलं. त्याला उत्तर देण्याइतका श्वास इनॉकपाशी नव्हता. वर्कशॉप गावाच्या त्या टोकाला, मुंबई-पुणे रस्त्यावर. पूर्वी तिथे बैलगाड्यांची चाकं होत. शेठच्या बापाच्या हातची चाकं पार घाटापलीकडे जात. आता चाकं गेली आणि शेठ लॉऱ्यांच्या बॉड्या बांधू लागला, आणि बॉडी म्हटली की रंग आला, रंग म्हटला की तो फवारायची गन आली, आणि गनला हवा लागते. ती हवा करायला इनॉक होता. रंग मारायला महादेव होता. शनिवारी इनॉक येत नसे, त्या दिवशी टाकी महादेवच चालू करी. एव्हाना केली असेल. महादेव गव्हाणहून सायकलीने येतो, येऊन बिडी ओढतो, आणि मग बटण दाबतो. इनॉकला ते बटण दिसलं. त्याच्यावर महादेवचा रंगाळलेला अंगठा दिसला. त्याने पळायचा जोर वाढवला आणि गुडघ्याने तिथल्या तिथे दगा दिला. मग लंगडत, भराभर, भिंतीचा आधार घेत तो चालू लागला. टांगा करावा तर खिशात दमडी नाही. शनिवार ना. खिशात काय ते एकच.

हवा ही चीज लोकांना फुकटची वाटते, याचा इनॉकला कायम राग येई. शेठलाही तो पुष्कळदा सांगायचा आणि शेठ पान चघळत हूं हूं करायचा. अहो, हवा म्हणजे नुसती हवा नसते. तिच्यात पाणी असतं, पनवेलसारख्या खाडीकाठच्या गावात तर घागरीने असतं. रस्त्याची धूळ असते. ती दाबली की तापते, तापली की पाणी अंगात धरून ठेवते आणि टाकीत जाऊन गार झाली की तिथे टाकते. शिवाय पिस्टनला तेल घालायचं, तर ते धुकं होऊन हवेबरोबर निघतं. ही अशी हवा तशीच गनमध्ये गेली तर लॉरीच्या कोऱ्या रंगावर बारीक बारीक खड्डे उठतात, आणि महादेव कपाळाला हात लावून म्हणतो, "ह्ये बगा, मावऱ्याचे डोले आले." मावरं म्हणजे मासे, आणि खरोखरच ते खड्डे माशाच्या डोळ्यांसारखे गोल, मेलेले असत. म्हणून आधी जाळीतून धूळ काढायची, मग हवा गार होऊ द्यायची, टाकीच्या बुडाची चावी रोज सकाळी उघडून तांबूस पाणी सोडून द्यायचं, पुढे लोकर आणि कोळसा भरलेल्या भांड्यातून तेल अडवायचं. आणि मग प्रेशर. टाकीत शंभराच्या वर पौंड, गनला पाहिजेत त्याच्या निम्मे. ते निम्मे करायचं काम रेग्युलेटरचं. टाकी भरली की मोटर बंद करायचं काम स्विचचं. आणि स्विच अडकला, कुणी झोपला, कुणी विसरला, कुणी मेला, तरी टाकी वाचवायचं काम सेफ्टीचं. ती कुणाला विचारत नाही. प्रेशर हद्दीबाहेर गेलं की आपली स्प्रिंग उचलते आणि फुस्स करून जास्तीची हवा बाहेर टाकते. इनॉक महादेवला म्हणायचा, "बाकी सगळे नोकर आहेत रे. ही एकटी मालक." आणि स्विच तर गेल्या पावसाळ्यापासून अधूनमधून चिकटत होता. नवा मुंबईहून आणायचा, आणायचा, असं शेठ दिवाळीपासून म्हणत होता.

मालकालाच खिशात घालून आणला होता त्याने. कसं झालं हे? कालची संध्याकाळ त्याला तुकड्यातुकड्यांनी आठवायला लागली. लॉरीच्या फाळक्यावर रंगाचा पहिला हात मारायचा होता. सेफ्टी दुपारपासूनच कुरकुरत होती. टाकीच्या आतल्या गंजाचा पापुद्रा तिच्या बैठकीखाली अडकला असणार. हद्द यायच्या आधीच ती फिसफिसायला लागली, प्रेशर टिकेना, आणि गन रंग फेकायच्या ऐवजी थुंकायला लागली. महादेव वैतागला. शेठ दोनदा डोकावून गेला. तेव्हा इनॉकने टाकी रिकामी केली, सेफ्टी काढली आणि त्या भोकात बूच मारलं. अर्ध्या तासाचा तर प्रश्न. मी उभा आहे ना काट्यावर नजर ठेवून. महादेव तेव्हा पडद्यापलीकडे फाळका पुसत होता, त्याने पाहिलं नाही. काम संपलं की सेफ्टी रॉकेलने धुवायची, बैठक घासायची, परत बसवायची, असं ठरवून ती चिंधीत गुंडाळून खिळ्याला टांगलेल्या कोटात ठेवली. आणि काम संपत असतानाच जुडाह आला. त्याच्या चेहऱ्यावरून कळलंच. पुढच्या खेपेला इस्रायलला जाणाऱ्यांची नावं सोमवारी मुंबईला कळवायची होती. जुडाह आपली घालणार होता. "तुमची घालू का, दाजी? ताई तर तयार आहे. तिकडे सॅली डोळे लावून बसलीय." सॅली म्हणजे इनॉकची मुलगी, नवऱ्याबरोबर जाऊन बीरशेबाला राहिली होती, तिथे तिला मूल झालं होतं आणि ते मूल इनॉकने पाहिलं नव्हतं. इनॉक नेहमीचं बोलला. "मी गेलो तर ही टाकी कोण बघणार? महादेव गुणी आहे, पण लक्ष नाही त्याचं. एक दिवस काहीतरी करून बसेल." जुडाह म्हणाला, "टाकीसाठी कुणी नातू सोडतं का?" यावर इनॉकला राग आला, कारण प्रश्न खरा होता. रागात त्याने मोटर बंद केली, रागात हात धुतले; पाहतो तर ऊन पत्र्यावरून उतरलेलं. सिप्पोरा शब्बाथच्या दिव्यात वात घालून बसली असेल. त्याने कोट अंगात घातला आणि निघाला.

महादेवचं लक्ष नाही म्हणे! इनॉकला रस्त्याच्या मधोमध हसू आलं, आणि ते हसू त्याला स्वतःलाच इतकं भेसूर वाटलं की त्याने तोंडावर हात धरला. सुकट विकत बसलेल्या बाईने मान वर केली. इनॉकला गणू आठवत होता. तो आठवू नये म्हणून तो मघापासून टाकी, जुडाह, सॅली असं काहीबाही आठवत होता, पण गणू वाटच बघत उभा होता. लढाईच्या दिवसांत, म्हणजे चीनच्या नव्हे, त्या आधीच्या मोठ्या लढाईच्या, इनॉक मुंबईत एका कारखान्यात शिकाऊ होता. गणू त्याच्याच वयाचा, कोल्हापूरकडचा, सारखा शीळ घालणारा. तिथल्या टाकीची सेफ्टीही अशीच फिसफिसत होती, आणि सुपरवायझरला तो आवाज सहन होईना म्हणून कुणी तरी ती तारेने करकचून बांधली. इनॉक कोपऱ्यावर चहा आणायला गेला होता. परत आला तेव्हा छप्पर नव्हतं. आवाज त्याने ऐकला होताच, पण त्याला नंतर आठवायची ती आवाजानंतरची गोष्ट: सगळा कारखाना गप्प, वरून आकाश, आणि कुठूनतरी हळूहळू खाली येणारा कापसासारखा कचरा. गणूची शीळ बंद झाली होती. गणूला ओळखायला त्याच्या कडदोऱ्याचा आधार घ्यावा लागला. त्या दिवसापासून इनॉक हवेला भ्यायला लागला, आणि भीतीला त्याने नेमाचं रूप दिलं. रोज सकाळी बुडाचं पाणी सोडायचं. रोज सकाळी टाकीत थोडी हवा झाली की तिच्या मागे हात घालून कडी ओढायची, फुस्स ऐकायचं, मगच पुढचं काम. महादेवला त्याने पहिल्याच आठवड्यात हे शिकवलं होतं. बूच मारणाऱ्या माणसाला मी दारात उभा करणार नाही, असंही म्हणाला होता. हेच शब्द. आणि काल बूच मारताना गणू आठवला नव्हता का? आठवला होता. पुसट आठवला होता. पण तारेने बांधणारे लोक निराळे आणि मी निराळा, असं त्याला वाटलं होतं. मी काळजी घेणारा माणूस. काळजी घेणाऱ्याने केलं तर चालतं.

तेवढ्यात धडाका झाला.

इनॉक जागच्या जागी उभा राहिला. आवाज पोटातून गेला, पायांखालून गेला. समोरच्या कौलांवरून कबुतरं उडाली. संपलं, असं त्याला अगदी शांतपणे वाटलं. आणि त्याच शांतपणाची त्याला पुढे कितीतरी दिवस शरम वाटायची होती. महादेवची बायको भामा, तिला कोण सांगणार? मीच सांगणार. गव्हाणला जाऊन सांगणार. काय सांगणार? ती एकदा डब्यात सुक्या सोड्यांचं कालवण घेऊन आली होती, इनॉकला सोडे चालत नाहीत म्हणून त्याच्यासाठी वेगळी बोंबील-बटाट्याची भाजी. नंतर कुणी तरी सांगितलं, बिनखवल्यांचे मासे त्यांच्यात चालत नाहीत आणि बोंबलाला खवले असतात का नाही यावर वाद आहे, तेव्हा पुढल्या खेपेला तिने पाकट नाही, कोळंबी नाही, असं सगळं विचारून रावस आणला. अशा बाईला सांगायचं. तो कठड्याला धरून उभा होता. शेजारच्या न्हाव्याच्या दुकानात खुर्चीवरच्या माणसाने अर्ध्या दाढीनिशी मान वळवली आणि म्हणाला, "डोंगराला आज सकाळीच सुरुंग लावले वाटतं खडीवाल्यांनी." न्हावी म्हणाला, "शनवारचे लवकर लावतात." आणि वस्तरा चालू झाला. मागोमाग दुसरा धडाका झाला, जरा लांबचा, आणि त्यानंतर तिसरा. सुरुंगच. इनॉकला न्हाव्याचे पाय धरावेसे वाटले. डोळ्यांत पाणी आलं, तसाच तो पुढे निघाला. पण सुरुंग होते म्हणून टाकी वाचली असं थोडंच आहे? टाकीला अजून वेळ होता एवढंच. काटा अजून चढत असेल.

वडाळे तळ्याच्या काठाने रस्ता जरा मोकळा होता. बायका धुणं आपटत होत्या, आणि दर आपटण्याला इनॉक दचकत होता. त्याला आजोबांचा घाणा आठवला. कुलाबा जिल्ह्यातले सगळेच बेने इस्राएल एके काळी तेलाचे घाणे चालवीत, आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. इनॉकच्या लहानपणी घाणा होता. बैल होता, डोळ्यांवर झापड बांधून गोल फिरणारा. शनिवारी त्या बैलाची झापड सोडत, त्याला नुसताच लिंबाखाली उभा करत, आणि आजोबा म्हणत, त्याचाही शब्बाथ आहे, त्यालाही सांगून ठेवलंय. आणि बाप तेल गाळायचा. घाईच करायचा नाही. पिंपात ओतून ठेवायचा आणि गाळ खाली बसायची वाट बघायचा. गिऱ्हाईक ओट्यावर चुळबुळ करीत असलं तरी वाट बघायचा. इनॉकने हवा स्वच्छ करायला शिकून घेतलं ते मुंबईत, पण खरं म्हणजे ते तो बापाच्या पिंपापाशीच शिकला होता: जे काय जड आहे ते आपोआप खाली बसतं, त्याला वेळ द्यावा लागतो, आणि मग बुडाशी चावी उघडून ते सोडून द्यावं लागतं. हे सगळं कळत असून काल त्याला अर्धा तास धीर धरवला नाही. शब्बाथ गाठायच्या घाईत त्याने शब्बाथ मोडण्याहून वाईट केलं होतं. 'एलियाहू हन्नबी,' संदेष्ट्या एलियाहूला नवस बोलत तो चालता चालता म्हणाला, मोठ्याने म्हणाला, 'महादेव जिवंत भेटू दे. मलिदा करीन. पोहे, खोबरं, पाची फळं, सगळं यथासांग करीन. आणि सोमवारी महादेवच्या पाया पडेन.' मग त्याच्या लक्षात आलं की सोमवार ही नावं कळवायची तारीख आहे, आणि आपण नवसात नकळत सोमवार घातला. का घातला, याचा विचार करायला त्याला फुरसत नव्हती. डाव्या हाताने त्याने कोट छातीशी घट्ट धरला होता. सेफ्टी आता त्याच्या अंगाने ऊबदार झाली होती.

वर्कशॉपाच्या फाटकाशी पोचला तेव्हा त्याने कान टवकारले. टाकीची मोटर चालू असली म्हणजे फाटकापर्यंत धब् धब् धब् असं ऐकू येतं. काही ऐकू येत नव्हतं. म्हणजे टाकी भरून बंद झाली? की स्विच चिकटून मोटर जळाली? की... छप्पर होतं. पत्रे जागच्या जागी होते. आणि लॉरीच्या एक हात मारलेल्या फाळक्यापुढे उकिडवा बसून महादेव पॉलिश पेपरने फाळका घासत होता. हाताने. सावकाश, शेतावर पोयटा पसरावा तसा. जवळच त्याची बिडी जळत होती.

इनॉक सरळ पुढे गेला आणि महादेवच्या खांद्यावर हात ठेवला, तो खांदाच आहे ना हे पाहायला ठेवावा तसा.

महादेव दचकून उठला. "मिस्त्री! तुमी? आज तुमचा शनवार ना? घरी बरं हाय ना समदं?"

"टाकी," इनॉक म्हणाला. "चालू केलीस?"

"नाय."

"एकदाही नाही?"

"इतकी केली व्हती." महादेवने बोटाच्या पेराने थोडंसं दाखवलं. "कडी वडन्यापुरती. बुडचं पानी सोडलं, जराशी हवा धरली, मंग हात मागं घातला, तं कडीच नाय. बोट फिरवलं तं बूच. मंग बटन दाबून टाकलं बंद, आनि व्हती ती हवा खालच्या चावीनं सोडून दिली." तो हसला. त्याचे दात बिडीने काळे झाले होते, पण इनॉकला त्या क्षणी त्याच्याइतका देखणा माणूस पनवेलात दुसरा दिसत नव्हता. "शेट आलं व्हतं. गाडी संध्याकाली द्यायची हाय, तं का थांबलास बोललं. मी बोललो, आज टाकीचा पन शनवार हाय."

इनॉक फळीवर बसला. इतका वेळ छातीत अडकून राहिलेला श्वास सुटला आणि सुटतच राहिला. त्याला वाटलं, तो आता कधी संपायचाच नाही. जिवात जीव येणं म्हणतात ते असं असतं होय. त्याला हसू यायला लागलं आणि त्या हसण्यात रडू होतं, आणि महादेव बापडा गोंधळून मडक्यातलं पाणी आणायला धावला.

"मग मला का नाही विचारायला पाठवलंस कुणाला?" पाणी प्यायल्यावर इनॉक म्हणाला.

"शनवारी तुमाला कामाचं इचारायचं नाय, तुमीच सांगितलेलं की." महादेव समोर उकिडवा बसला, आणि जरा लाजल्यासारखा बोलला, "आनि मला वाटलं, तुमी मुद्दाम केलं. मी कडी वडतो का नाय त्ये बगाया. म्हनून मी बूच पन नाय काढलं. राहू दे बोललो, मिस्त्री येऊन बगतील."

आता बोलायचं सोपं होतं. शाबास महादेव, परीक्षेत पास झालास. एवढं म्हटलं की झालं, मिस्त्रीचा मिस्त्रीपणा जागच्या जागी. इनॉकच्या जिभेवर ते आलंही. मग त्याने आतल्या खिशातून चिंधी काढून फळीवर ठेवली.

"परीक्षा कसली रे," तो म्हणाला. "विसरलो मी. बूच मारलं आणि विसरून घरी गेलो. तू आज मेला असतास."

महादेवने चिंधी उलगडली, सेफ्टी हातात घेऊन उलटसुलट केली. इनॉक वाट बघत होता. त्याला शिव्या हव्या होत्या, आणि त्या ऐकून घ्यायची त्याची तयारी होती.

"बरं झालं," महादेव म्हणाला.

"काय बरं झालं?"

"तुमी पन विसरता त्ये. मला लई भ्या वाटायचं तुमच्या समोर काम कराया. ह्यो मानूस कदी चुकतच नाय, आनि आपन तं रोज चुकतो." मग त्याने आवाज खाली आणला, वर्कशॉपात दुसरं कुणी नव्हतं तरी. "खरं सांगू का मिस्त्री, रागवू नका. मी कडी रोज नाय वडत. तुमी सांगता तवा हो बोलतो, पन नाय वडत. फकस्त शनवारी वडतो."

"शनिवारीच का?"

"बाकीचे दिस तुमी असता ना." महादेवला यात समजावण्यासारखं काय आहे हेच कळत नव्हतं. "तुमी हाव म्हनल्यावर आमी कशाला बगायचं? शनवारी कोन नाय, तं मलाच बगाया लागतं."

इनॉक त्याच्याकडे बघत राहिला. काल गुरुवार असता तर? सोमवार असता तर? मग दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतः इथे असता, आपण असल्यावर काळजी कसली अशा विश्वासात महादेव बटण दाबून बिडी ओढत बसला असता, आणि आपण केलंय म्हणजे ठीकच असणार अशा विश्वासात तोही कदाचित... एवढी वर्षं त्याला वाटत होतं की शनिवार हे वर्कशॉपातलं भोक आहे. आठवड्यातला तो एक दिवस टाकी उघडी पडते, आणि आपण गेलो तर सगळेच दिवस तसे होतील. या भीतीवर त्याने किती गोष्टी टांगून ठेवल्या होत्या! सॅलीचं मूल टांगलं होतं. सिप्पोराचं रोजचं गप्प बसणं टांगलं होतं. आणि टाकी तर शनिवारीच सगळ्यात सुरक्षित होती, कारण तो तिथे नव्हता. त्याला वाईट वाटायला हवं होतं. आपली इतकी गरज नाही हे कुणाला आवडतं? थोडं वाटलंही, बरगडीखाली कुठेतरी. पण त्याच्यावरून थंड वाऱ्यासारखं दुसरं काहीतरी गेलं आणि खांदे आपोआप खाली आले. ते वर चढवून धरले होते हे त्याला आजवर माहीत नव्हतं. लढाईच्या दिवसांपासून धरले असतील.

"आणि मी कायमचाच गेलो तर?" त्याने विचारलं. "जुडाह म्हणतो तसा?"

महादेवने सेफ्टीची स्प्रिंग अंगठ्याने दाबून पाहिली. "मंग काय. मंग रोज वडीन," तो म्हणाला. त्याने नाक ओढलं. "पन जाताना सांगून जा. न सांगता जाऊ नका."

मग महादेव उठला. त्याने डबीत रॉकेल घेतलं, सेफ्टीच्या बैठकीवरचा गंजाचा पापुद्रा काडीने सोडवला, फडक्याने पुसून उजेडात धरून पाहिलं. इनॉक मांडीवर हात ठेवून बसून होता. शनिवार होता, आता कुणाचा जीव जात नव्हता, तेव्हा त्याला हात लावायचं कारण नव्हतं. एकदा महादेवने पाना उलटा धरला तेव्हा इनॉकचं तोंड उघडलं, आणि त्याने ते मिटून घेतलं. महादेवने स्वतःच पाना फिरवला. बूच निघालं, सेफ्टी बसली. मोटर चालू झाली, धब् धब् धब्, आणि काटा चढायला लागला. सेफ्टी उचलते का पाहायला महादेवने स्विच मुद्दाम हाताने दाबून धरला आणि कोपऱ्यातून मान लांब करून काट्याकडे बघत राहिला. इनॉकने काट्याकडे पाहिलं नाही. त्याने डोळे मिटले. काटा कुठवर आला असेल हे त्याला आवाजावरूनच कळत होतं. धब् धब् जड होत चाललं होतं, एवढ्यात, एवढ्यात. आणि मग टाकीने श्वास सोडला. फुस्स करून लांब, स्वच्छ, कोरडी हवा बाहेर आली, तिने भिंतीवरची धूळ उडवली, आणि महादेव ओरडला, "बसली!"

इनॉक परत गेला तो सावकाश गेला. गुडघा दुखत होता आणि पायांतल्या चपला खरोखरच दुसऱ्याच्या निघाल्या, एक बोट लांब. तळ्यावरच्या बायका धुणं घेऊन गेल्या होत्या. घरी सिप्पोरा दारातच उभी होती; जुडाह येऊन सांगून गेला असणार. तिने त्याला नखशिखांत पाहिलं, धुळीने भरलेला काळा कोट पाहिला, आणि विचारलं, "मशीद सोडून कुठे गेला होतात?"

"महादेवकडे," तो म्हणाला. तिने आणलेल्या तांब्याने पायांवर पाणी घेत राहिला. पाणी गार होतं, बरं वाटत होतं. "मलिदा करायचाय, सिप्पोरा. मोठा कर. महादेवला आणि भामाला बोलवायचंय."

"नवस कसला बोललात?"

"सांगतो. आणि संध्याकाळी दिवस मावळला की जुडाहला निरोप धाड." त्याने आतल्या खिशात एकदा हात घालून पाहिला. खिसा रिकामा होता. "म्हणावं, आमची नावं घाल."

सिप्पोराने तांब्या खाली ठेवला. दारातून आत जाताना तिने उंबऱ्याच्या चौकटीला हात टेकला आणि जरा वेळ तशीच उभी राहिली.